काटकसरीचा वारसा : जबलपूरच्या मराठी घरांचा एक अलिखित इतिहास

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत कार्यकारिणीच्या याद्या येतील, गणेशोत्सवातील नाटकांची छायाचित्रे येतील, देणगीदारांची नावे आदराने छापली जातील. ते सर्व उचितच आहे. परंतु ज्या वर्गण्यांवर मराठी मंडळे उभी राहिली, त्या वर्गण्या मुळात आल्या कोठून, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्या बड्या जहागिरीतून आल्या नाहीत की पेढीवरूनही आल्या नाहीत. महिन्याच्या एक तारखेला हाती पडणाऱ्या आणि पंचवीस तारखेपर्यंत कशाबशा पुरणाऱ्या पगारातून त्या आल्या. तेव्हा या शहरातील मराठी माणसांचा इतिहास लिहावयाचा, तर त्यातील एक प्रकरण काटकसरीचे असले पाहिजे. ते कोणी लिहून ठेवलेले नाही; जुन्या हिशेबाच्या वह्यांत आणि घरातील वृद्धांच्या आठवणींत मात्र ते विखुरलेले आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. काटकसर म्हणजे दारिद्र्य नव्हे आणि कंजुषीही नव्हे. दारिद्र्यात निवडीला वाव नसतो. कंजूष मनुष्याला निवड करता येते. परंतु त्याचा पैसा कोणत्याच कामासाठी राखलेला नसतो, तो केवळ साठत जातो. काटकसरी मनुष्य आज एका गोष्टीला ‘नाही’ म्हणतो, कारण उद्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या गोष्टीला त्याला ‘हो’ म्हणावयाचे असते. तुकोबांनीही धन जोडण्याला दोष दिलेला नाही. ते सचोटीने जोडावे आणि आसक्ती न ठेवता वेचावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. हा ‘नाही’ वर्षानुवर्षे म्हणत राहण्याचे बळ आपल्या मागच्या पिढ्यांना कोठून मिळाले, हा या लेखाचा विषय आहे.

मराठी माणसाचा जबलपूरशी संबंध जुना आहे. इ. स. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले आणि जबलपूर हे त्यांच्या कारभाराचे ठाणे झाले. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी शहर घेतले. परंतु आज आपण ज्या मराठी वस्तीचे वारस आहोत, तिची मुख्य घडण तलवारीच्या काळातील नाही. ती लेखणीच्या आणि कारखान्याच्या काळातील आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. १८६७ मध्ये अलाहाबादेकडून रेल्वे येथे पोहोचली आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग तिला येथेच मिळाला. मुंबई आणि कलकत्ता जोडणाऱ्या या सांध्यावर तारमास्तर, कारकून, शिक्षक, वकील अशी मंडळी उतरू लागली. १९०४ मध्ये तोफगाडा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन उच्च न्यायालय येथे आले. १९६९ मध्ये वाहन कारखाना सुरू झाला. विद्युत मंडळाचे मुख्यालयही याच शहरात राहिले. राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार, गुप्तेश्वर या भागांत आणि कारखान्यांच्या वसाहतींत जी मराठी घरे वसली, ती या क्रमाने वसली.

या सर्व घरांत एक गोष्ट समान होती. ती पगारावर जगणारी घरे होती. कोकणातील अथवा वऱ्हाडातील घरी रोख पैसा नसला, तरी कणगीत दाणा असे, परसात भाजी असे, अडीअडचणीला भाऊबंद असत. येथे भाडे रोख, दूध रोख, जळाऊ लाकूडही रोख. पगाराची एकच फळी पायाखाली आणि ती निसटली तर खाली काहीच नाही, ही जाणीव परमुलखात आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात होई. शिवाय त्याला एक सोडून दोन घरे चालवावयाची असत. एक येथले आणि एक मागे राहिलेले. आईवडील गावी, धाकट्या भावाचे शिक्षण नागपूरला अथवा पुण्याला, बहिणीचे लग्न व्हावयाचे. उन्हाळ्यात सहकुटुंब गावी जावयाचे, तर मुंबईच्या गाडीचे अथवा गोंदियामार्गे जाणाऱ्या छोट्या गाडीचे भाडे वर्षभर बाजूला टाकावे लागे.

येथे टपाल खात्याची आठवण करणे अगत्याचे आहे. हिंदुस्थानात टपालाने मनिऑर्डर पाठविण्याची सोय १८८० मध्ये झाली आणि १८८२ मध्ये टपाल बचत बँक सुरू झाली. दोन वर्षांच्या अंतराने उघडलेल्या या दोन खिडक्यांनी परमुलखातील नोकरदारांचे जीवनच जणू आखून दिले. एका खिडकीतून पैसा गावी जाई, दुसऱ्या खिडकीत तो उद्यासाठी राही. आणि या दोन्ही खिडक्यांना भेट देऊन मगच बाजाराकडे वळावयाचे, असा अनेक घरांचा शिरस्ता होता. हा क्रम वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु खर्च करून उरेल ते शिल्लक टाकणारा मनुष्य आणि शिल्लक टाकून उरेल त्यात खर्च करणारा मनुष्य यांच्या आयुष्यात पुढे केवढे अंतर पडते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

या घरांपुढे मोह नव्हते असे कोणी समजू नये. सराफ्यातील दुकाने होती, गंजीपुऱ्यातील बांगड्यांचे व कापडाचे ढीग होते, सदर बाजारातील विलायती माल होता, आणि खव्याच्या जिलबीचा वास आल्यावर मुलांचे पाय तेथेच अडत. त्याहून मोठा मोह उधारीचा. वाण्याच्या वहीत नाव घातले की हात सैल सुटे. पुढे रेडिओ, पंखा, सायकल हे सर्व हप्त्याने मिळू लागले. आपल्या येथील मराठीत त्याला सर्रास ‘किस्त’ म्हणतात. शब्द हिंदीतून आला आणि त्याबरोबर ती सवयही अनेक घरांत शिरली. या बाबतीत मागच्या पिढीने मोठा विवेक दाखविला असे म्हणावयास हरकत नाही. शिवणयंत्र हप्त्याने घेण्यास फारसा विरोध होत नसे, कारण ते घरातील कपडे शिवून आपली किंमत फेडीत असे. केवळ शेजारी आहे म्हणून आपल्याकडेही हवी, अशा वस्तूला मात्र ‘पुढच्या दिवाळीला पाहू’ हे उत्तर ठरलेले असे. दिवाळी येईपर्यंत निम्म्या इच्छा आपोआप मावळत.

मोहाविरुद्ध पहिले शस्त्र होते हिशेबाची वही. रात्रीची जेवणे आटोपली की दिवसाचा खर्च मांडावयाचा. रुपये, आणे, पै असे तीन रकाने असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आण्यांचा रकाना हळूहळू गेला. पाठोपाठ शेर-छटाकांच्या जागी किलो आले. जुन्या वह्यांत काही महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. या वहीचे खरे सामर्थ्य बेरजेत नव्हते. संध्याकाळी हे लिहावे लागणार आहे, ही जाणीव दुपारी दुकानात हात आखडता घ्यावयास लावी. जाणत्या गृहिणी ‘किरकोळ’ या सदराला फार भीत, कारण घराचा पैसा चोराने नेला नाही तितका ‘किरकोळ’ने नेला आहे, असे त्या म्हणत. वहीच्या जोडीला डबे असत. भाड्याचा एक, दुधाचा एक, सणावाराचा एक. एका डब्यातून दुसऱ्यात पैसा हलवावयाचा झाला, तर तो उसना म्हणून लिहून ठेवावा लागे.

दुसरे बळ हेतूचे. या प्रांतातील एक थोर मराठी नाव येथे आठवते. पं. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला आणि त्यांच्या शिक्षणाचा काही काळ जबलपुरात गेला. सरकारी नोकरीचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो सोडून त्यांनी पेंड्रा येथील राजकुमाराच्या शिक्षकाचे काम पत्करले आणि त्या वेतनातून शिल्लक टाकून १९०० च्या जानेवारीत ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. मासिक तीन वर्षे चालले. परंतु हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्याचे स्थान आजही मानाचे आहे. पुढे १९२० मध्ये जबलपुरातून ‘कर्मवीर’ निघाले, त्यामागेही सप्रे यांचीच प्रेरणा होती. एका मराठी शिक्षकाच्या बेताच्या पगारातील शिल्लक दुसऱ्या भाषेच्या वाङ्मयाला उपकारक ठरली, हे आपण अभिमानाने सांगावे असे आहे. मासिक काढावयाचे हे एकदा मनात ठरल्यावर त्यांना अंगरख्याच्या कापडाचा मोह आवरण्यास फार कष्ट पडले असतील, असे वाटत नाही.

त्याच काळात महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना हाती घेऊन गावोगाव पैसा पैसा गोळा केला. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे मुंबईत शिकवण्या करून राहत असतानाही आपल्या मुरूड गावासाठी मिळकतीतील अंश काढून ठेवीत, आणि गावाबाहेर नोकरीस गेलेल्या इतर मुरूडकरांनाही त्यांनी ‘मुरूड फंडा’त ओढले. ही उदाहरणे मोठ्यांची आहेत. परंतु त्यांतील तत्त्व लहान घरांतही तेच होते. नुसते ‘पैसे वाचवा’ म्हटल्याने कोणी वाचवीत नाही. ‘थोरलीच्या कॉलेजच्या फीसाठी’, ‘निवृत्तीनंतरच्या दोन खोल्यांसाठी’ असे शिल्लकेला नाव दिले की तिला हात लावताना मन कचरते.

काटकसर वरून लादली म्हणजे काय होते आणि आपण होऊन स्वीकारली म्हणजे काय होते, याचे दोन दाखले आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. उद्देश देशहिताचा होता. परंतु लग्नघरांना तो पटला नाही, हजारो सोनारांचा धंदा बसला, आणि १९६६ मध्ये चौदा कॅरटचे बंधन मागे घ्यावे लागले. १९६५ मध्ये मात्र लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा असंख्य घरांनी सोमवारची रात्र उपवासाची पाळली; कित्येक उपाहारगृहेही त्या रात्री बंद राहत. कोणी तपासावयास येत नव्हते. शास्त्रींनी आधी स्वतःच्या घरात तो नेम सुरू केला होता, ही गोष्ट लोकांना ठाऊक होती. दंडाच्या भीतीने जे साधले नाही, ते उदाहरणाने साधले. घरातही हेच आहे. वडिलांची विडी-सुपारी चालू राहते आणि मुलांचे पेरू बंद होतात, त्या घरातील काटकसर टिकत नाही. तेथे चोरून खाणे तेवढे वाढते.

तिसरे बळ सोबतीचे, आणि येथेच मराठी मंडळींच्या एकत्र येण्याचा खरा उपयोग झाला. एकट्याने साधेपणाने राहणे कठीण असते. दहा घरे साधेपणाने राहत असली की तो साधेपणा राहत नाही, रीत होते. एकाच्या मुलाची पाठ्यपुस्तके दुसऱ्याच्या मुलाकडे जात. उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी चार घरच्या बायका एका गच्चीवर जमत. ग्रंथालयातून कादंबरी येई, ती विकत घेण्याचे कारण उरत नसे. हळदीकुंकवाला मोठे वाण लुटण्याची चढाओढ नको, असे आपसात ठरे.

या सोबतीचे सर्वांत नेटके रूप म्हणजे भिशी. समजा, बारा जणींनी दरमहा सारखी रक्कम जमा करावयाची. चिठ्ठी टाकून जिचे नाव निघेल तिने ती सर्व रक्कम न्यावयाची. बारा महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. यात व्याज नाही आणि नफाही नाही. तरीही बँकेत खाते असलेल्या स्त्रिया भिशी सोडीत नसत. बँकेत या महिन्यात पैसे भरले नाहीत तर कोणी विचारीत नाही. भिशीत अकरा मैत्रिणी वाट पाहत बसलेल्या असतात. मनोनिग्रह जेथे थकतो, तेथे ही लाज आणि हा स्नेह कामी येतो. अर्थात भिशी विश्वासावर चालते आणि विश्वास ढळला की बुडते. आपली पाळी आटोपल्यावर हप्ते थांबविणाऱ्या एकीमुळे वर्षानुवर्षांची मैत्री तुटल्याची उदाहरणेही आहेत. म्हणूनच ती ओळखीच्या आणि लहान वर्तुळातच शोभते.

येथपर्यंत गौरव झाला. आता एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास एकांगी ठरेल. माझ्या आईच्या मागे तिच्या हिशेबाच्या वह्या मला मिळाल्या. त्यांत वडिलांच्या चपला आहेत, आम्हा भावंडांची फी आहे, गावी पाठविलेल्या मनिऑर्डरी आहेत, मंडळाची वर्गणीही आहे. तिच्या स्वतःच्या नावाने एकही नोंद नाही. डोळ्यांना चष्मा हवा, हे ती निदान तीन वर्षे म्हणत होती, आणि ‘पुढच्या महिन्यात पाहू’ हे उत्तर इतर सर्व वस्तूंप्रमाणे चष्म्यालाही मिळत गेले. हे उत्तर देणारीही तीच होती, आणि आम्ही कोणी तिला अडविले नाही. अंधुक दिसत असतानाही ती वही मात्र लिहीत राहिली; शेवटच्या पानांवरील अक्षर मोठे मोठे होत गेले आहे.

ही एका घरची कथा नव्हे. ज्या काटकसरीचे आपण पोवाडे गातो, तिचा मोठा भाग घरातील स्त्रीने सर्वांच्या मागून जेवून, लुगडे दंड घालून वापरून आणि दुखणे अंगावर काढून भरलेला आहे. कित्येक घरांत मुलाच्या शिक्षणासाठी मुलीचे शिक्षण थांबले आणि त्यालाही काटकसर हेच नाव मिळाले. एकाने सोसावयाचे आणि इतरांनी वाखाणावयाचे, याला काटकसर म्हणता येणार नाही. मोह आवरणे आणि गरज मारणे यांत अंतर आहे. हे अंतर ज्या घराला कळले नाही, तेथील मुले मोठी झाल्यावर हात मोकळे सोडतात. कारण लहानपणी त्यांनी साधेपणाचे सुख पाहिलेले नसते, त्याचा जाच तेवढा पाहिलेला असतो.

तथापि साठविलेल्या पैशाचे मोलही या शहराने अनुभवले आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले. माणसे दगावली, असंख्य घरांच्या भिंतींना तडे गेले. त्या दिवसांत मदत मिळेपर्यंत थांबावे न लागता ज्यांनी छप्पर सावरले, त्यांना टपालाचे पासबुक म्हणजे काय ते कळले. संकट पत्ता विचारून येत नाही. त्याच्यासाठी एक डबा वेगळा असावा, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे त्या वेळी पटले.

आज परिस्थिती पालटली आहे. पगार वाढले, दोघे मिळवू लागली. बाजारात जावे लागत नाही, बाजारच हातातील फोनमध्ये येऊन बसला आहे. पूर्वी नोट मोडताना मनाला किंचित चुटपुट लागे. आता पैसा डोळ्यांना दिसतही नाही आणि जातो. ‘किस्त’ तर इतकी सोपी झाली आहे की घरात वस्तू जुनी होऊन मोडते आणि तिचा हप्ता चालूच राहतो. तरुण कुटुंबे तक्रार करतात की निश्चय टिकत नाही. त्यांना दोष देण्याआधी आपण हे ध्यानात घेतले पाहिजे की मागच्या पिढीचा निश्चयही एकट्याने टिकला नव्हता. त्याला वहीचा, हेतूचा आणि शेजाऱ्यांचा आधार होता. तो आधार गेला आणि उपदेश तेवढा उरला.

तो आधार पुन्हा उभा करणे अवघड नाही. वही कागदाची असो वा फोनमधील, आठवड्यातून एकदा पतिपत्नींनी ती एकत्र उघडावी आणि जाणत्या मुलांनाही शेजारी बसवावे. पगार जमा झाला की शिल्लक आधी काढावी आणि तिला नाव द्यावे. मोठी वस्तू आवडली, तर ती लिहून ठेवून पुढचा महिना उजाडू द्यावा. लग्नामुंजीतील थाटमाटाविषयी दहा घरांनी मिळून एक मर्यादा ठरवावी, म्हणजे कोणा एकाला कमीपणा वाटणार नाही. हे शेवटचे काम मंडळासारख्या संस्थेलाच साधणारे आहे. आणि दरमहा हिशेब मांडताना पहिली ओळ घरातील त्या व्यक्तीसाठी राखावी, जी स्वतःसाठी कधी काही मागत नाही.

असो. मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या पावत्या चाळताना त्यांवरील आकडे आज फार लहान वाटतात. त्यांतील प्रत्येक आकडा कोणाच्या तरी डब्यातून आला आहे, आणि तो डबा भरण्यासाठी कोणीतरी काहीतरी मागे ठेवले आहे. बहुधा ते नाव पावतीवर नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्या अनाम गृहिणींना वंदन करून हा लेख पुरा करतो.